मानपत्राची चिकित्सा

घणसोली गाव,
३ ऑगस्ट २०२५

आदरणीय मोठे बाबा,

सविनय जय भीम. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोठी आई तिसऱ्या वाक्याला "बरं, ठेवते" म्हणते, म्हणून पत्र. पाचवीपासून तुम्ही माझी पत्रं लाल पेनानं तपासून परत पाठवता, हेही पाठवा. तुमच्या लाल पेनाची मला सवय आहे. इथल्या लाल पेनानं मात्र माझं डोकं फिरलंय.

एम.ए. समाजशास्त्राला आम्हाला 'चिकित्सक लेखन' नावाचा पेपर आहे. तीन निबंध लिहायचे, त्यातला एक तरी पास व्हायला हवा. माझा पहिला नापास झाला. मोठे बाबा, मी, जिचा निबंध शाळेत दर वर्षी वर्गात वाचून दाखवायचे, ती निबंधात नापास. एक लेख वाचून त्याची चिकित्सा करायची होती. लेख इथल्या दिवाळे गावातल्या मासे विकणाऱ्या बायकांवर होता. मी चार पानं भरून लिहिलं. शेवटी लिहिलं, 'लेखिकेने आपल्या ओघवत्या लेखणीने समाजमनाला आरसा दाखवला, याबद्दल त्यांचे करावे तेवढे कौतुक थोडेच आहे.' क्षिप्रा मॅडमनी समासात लिहिलंय, 'कोणता आरसा? कोणाचं मन?' आणि खाली, 'लेखिकेचा सत्कार छान झाला. लेख वाचायला कधी घेणार?'

मी लेख दोनदा वाचला होता. दिवाळ्याला जाऊन त्या बायकांशी बोलूनसुद्धा आले, येताना सुकट आणली. अजून काय करायचं असतं, ते कोणी नीट सांगत नाही. प्रत्येक वाक्यापुढे 'कशावरून?' लिहितात. कशावरून म्हणजे काय, मला वाटलं म्हणून.

यात नापास म्हणजे वर्ष गेलं. पप्पांनी रबाळ्याला त्यांच्या कंपनीत पॅकिंगच्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवलाय. म्हणाले, वर्ष गेलं तर जानेवारीपासून कामाला लाग, शिकून झालं तेवढं पुष्कळ झालं. मला जायचं नाही. तुम्ही काही तरी सांगा.

तुमची,
पायल

—

वसमत,
११ ऑगस्ट २०२५

चि. पायल हिस,

अनेक आशीर्वाद व जय भीम. तुझे पत्र तपासून सोबत परत पाठवीत आहे. 'डोकं फिरलंय' ही भाषा वडीलधाऱ्यांस लिहिण्याची नव्हे. बाकी हस्ताक्षर सुधारले आहे.

तुझ्या मॅडमचे वय किती आहे ते कळव. नव्या लोकांना रसग्रहण म्हणजे काय हेच ठाऊक नसते. मी हायस्कुलात जन्मभर मराठी शिकवले. आज या तालुक्यात कोणी सेवानिवृत्त होवो, मानपत्र माझ्याच हातचे लागते. परवा तर भूमी अभिलेखचे हौसेराव साहेब माझे मानपत्र ऐकून व्यासपीठावर रडले. मी त्यांना त्यापूर्वी एकदाच भेटलो होतो. शब्दात ताकद असली की एवढे होते.

तेव्हा घाबरू नकोस. निबंधाला सुरुवात भारदस्त हवी. मध्ये दोन्ही बाजू मांडाव्यात, म्हणजे कोणी दुखावत नाही. शेवटी उज्ज्वल भविष्याची आशा. परीक्षक कोणीही असो, शेवटी आशा दिसली की त्याचा हात सैल होतो. लेखकाचे दोष काढू नयेत. त्या माणसाने मेहनत घेतलेली असते. तुझ्या दुसऱ्या निबंधासाठी सुरुवातीचा व शेवटचा परिच्छेद मी स्वतः लिहून सोबत जोडला आहे. जसाच्या तसा वापर.

तुझ्या पप्पांना, अभयला, सांग, पोरीच्या शिक्षणात घाई करू नकोस. तो लहानपणापासून उतावळा.

तुझे,
मोठे बाबा

—

घणसोली गाव,
२ सप्टेंबर २०२५

आदरणीय मोठे बाबा,

सविनय जय भीम. दुसराही गेला.

तुमचे दोन्ही परिच्छेद जसेच्या तसे लिहिले होते. मॅडमनी पहिल्या परिच्छेदाला उभी रेघ मारून लिहिलंय, 'हा परिच्छेद कुठल्याही विषयाला चालेल.' मधे मी दोन्ही बाजू मांडल्या, त्याखाली लिहिलंय, 'आणि तुम्ही कुठे उभ्या आहात?' शेवटच्या आशेला तर नुसतं प्रश्नचिन्ह. वर्गात पार्थ नावाचा मुलगा आहे, त्यानं दिलेल्या लेखातली आकडेवारीच चुकीची आहे म्हणून दाखवून दिलं आणि वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळवले. असं दुसऱ्याचं उकरून काढल्याबद्दल मार्क मिळतात इथे. घरी येऊन मी जेवलेसुद्धा नाही. आई म्हणाली, एवढं कसलं टेन्शन घेतेस, निबंधच तर आहे.

नंतर मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. असं लिहायला कोणी शिकवलं, म्हणाल्या. मी तुमचं नाव सांगितलं, तुम्ही मानपत्रं लिहिता तेही सांगितलं. त्या बराच वेळ तुमच्याबद्दल विचारत होत्या. मग म्हणाल्या, तिसरा निबंध मानपत्रांवरच लिही.

तुमच्याकडे प्रत्येक मानपत्राची कार्बन कॉपी आहे ना. पाठवाल का? जमतील तेवढ्या. हा शेवटचा निबंध आहे.

तुमची,
पायल

—

वसमत,
१० सप्टेंबर २०२५

चि. पायल हिस,

अनेक आशीर्वाद व जय भीम. तुझे पत्र वाचून काय वाटले ते शब्दात मांडता येत नाही, आणि हे मी म्हणतो आहे. विद्यापीठात माझ्या मानपत्रांवर निबंध. तुझ्या मॅडमबद्दल मी मागे जे लिहिले ते मागे घेतो. त्यांना जाण आहे.

सगळ्या प्रती रजिस्टर पोस्टाने पाठवल्या आहेत. वर तुझ्या सोयीसाठी टिपणे जोडली आहेत, कोणत्या मानपत्राला किती टाळ्या पडल्या वगैरे. मोठ्या आईच्या सेवानिवृत्तीचे मानपत्रही त्यात आहे. ते मी विशेष मन लावून लिहिले होते. त्याच्या शैलीवर एखादे पान अवश्य खर्च कर.

आता गंमत ऐक. येत्या डिसेंबरात मला पंच्याहत्तर पूर्ण होतात. वाचनालयाची मंडळी सत्कार करणार आहेत. इतकी वर्षे सगळ्यांची मानपत्रे मी लिहिली, माझे कोण लिहिणार असा त्यांना प्रश्न होता. मी सांगून टाकले, आमची पायल मुंबईहून निबंध आणते आहे, तोच वाचायचा. वाचनालयाच्या सिताराम गुरुजींनी तर आत्ताच पत्रिकेत छापायला घेतले आहे.

तुझे,
मोठे बाबा

—

घणसोली गाव,
२८ सप्टेंबर २०२५

आदरणीय मोठे बाबा,

सविनय जय भीम. निबंध सोबत पाठवतेय. आधी हे पत्र पूर्ण वाचा, मग निबंध.

तो सत्कार नाहीये. मागच्या पत्रात मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, मानपत्रं कोणाबद्दल काय बोलतात आणि काय बोलत नाहीत ते शोध. मी तेवढंच लिहिलं नाही, कारण मग तुम्ही कॉप्या पाठवल्या नसत्या. तुम्ही गावभर सांगाल असं मला वाटलं नव्हतं.

मी सुरुवातीला खरंच कौतुकच लिहायला बसले होते. पण सगळी मानपत्रं एकाखाली एक ठेवून वाचली आणि मला ते दिसायलाच लागलं. पुरुषांच्या मानपत्रात ते काय करायचे ते असतं, कोणी पूल बांधला, कोणी शाळेला जागा मिळवून दिली. बायकांच्या मानपत्रात प्रत्येकीनं 'संसार सांभाळून' नोकरी केलेली आहे. नोकरीत काय केलं ते एकीच्याही मानपत्रात नाही. पुरुषांपैकी एकानंही संसार सांभाळलेला नाही. आणि मोठ्या आईच्या मानपत्रात तिचं यश 'पतीच्या भक्कम पाठिंब्यामुळे' आहे. ते लिहिणारा पतीच आहे, हे मला निबंधात लिहावं लागलं. नाही तर ती चिकित्सा झाली नसती.

मॅडमनी कच्चा खर्डा वाचला. पहिल्यांदा समासात कुठेही 'कशावरून' नाही. पण त्या म्हणाल्या, मानपत्रं कुठे छापलेली नाहीत, त्यामुळे लिहिणाऱ्याला निबंध वाचायला दे आणि त्यांची लेखी संमती आण. त्याशिवाय घेणार नाही. ३१ ऑक्टोबर शेवटची तारीख आहे.

दोन ओळी पुरतील. तुम्ही नाही म्हणालात तर माझं वर्ष गेलं, हे तुम्हाला माहितीय.

तुमची,
पायल

—

वसमत,
६ ऑक्टोबर २०२५

पायल,

निबंध वाचला.

ज्या माणसाने तुला 'आदरणीय' लिहायला शिकवले त्याच्यावर तू तेच अक्षर वापरून हे लिहिलेस. माझ्या घरातील गोष्ट, माझ्या बायकोचे मानपत्र, तू परक्या बाईपुढे उघडे केलेस. मी कोणाचे वाईट लिहिले? सगळ्या बायका मानपत्र ऐकून डोळे पुसत घरी गेल्या. त्यांची काही तक्रार नव्हती. तुझी आहे.

सिताराम गुरुजींना पत्रिका थांबवायला सांगितले. कारण विचारले, प्रकृती सांगितली.

संमती नाही. प्रती परत पाठव.

मा. गं. कांबळे

—

घणसोली गाव,
१२ ऑक्टोबर २०२५

आदरणीय मोठे बाबा,

तुमचं पत्र आलं. सहीखाली तुम्ही मोठे बाबा लिहिलं नाहीत, आडनावासकट नाव लिहिलंत. बँकेला लिहितात तसं.

प्रती उद्या पाठवते. दुसरा विषय घेऊन नवीन निबंध लिहायला वेळ नाही, तरी लिहीन. नापास होईन. रबाळ्याला जाईन, पॅकिंगच्या ऑफिसात बसेन, तिथे कोणी 'कशावरून' विचारत नसेल. पण जायच्या आधी बोलून घेते, कारण मला राग आलाय.

मी कोणाचं वाईट लिहिलेलं नाही. तुम्ही जे लिहिलंत तेच मोजलं. तुम्ही म्हणता बायकांची तक्रार नव्हती. तुम्ही विचारलं होतं का? व्यासपीठावर शाल पांघरून बसवलेल्या बाईनं माइक हिसकावून तक्रार करायची होती का? दोन्ही बाजू मांडाव्यात, कोणी दुखावू नये, शेवटी आशा, हे मी बारा वर्षं तुमच्याकडून शिकले आणि इथे येऊन दोनदा तोंडावर आपटले. आपल्या बैठकीत भिंतीवर ज्यांचा फोटो आहे, त्यांनी कधी दोन्ही बाजू मांडून आशा व्यक्त केली का? ते तर प्रश्नच विचारत राहिले. तुम्हीच मला त्यांची भाषणं पाठ करायला लावलीत, मग त्यांच्यासारखा एक प्रश्न घरात विचारला तर एवढं काय झालं?

तुम्ही मला खूप शिकवलंत. म्हणूनच हे सगळं तुमच्याशी भांडतेय, मॅडमशी नाही. मला तुमच्या संमतीची गरज होती आणि अजून आहे. ती मिळणार नाही हे कळलं.

पायल

—

वसमत,
१८ ऑक्टोबर २०२५

पायल बाळा,

जय भीम. मी वेणू, तुझी मोठी आई. मला पत्र लिहायची सवय नाही, आजवर या घरात लिहायचं खातं यांच्याकडेच होतं. चुकलं तर हसू नको.

तुझा निबंध यांनी वाचून पलंगावर आपटला, तो मी उचलला आणि वाचला. तेव्हापासून हे धड बोलंनात, धड जेवंनात. कोणी आलं की तब्येत बरी नाही म्हणायलेत. तुझं दुसरं पत्र आलं ते तर नुसतं हातात धरून बसायलेत. मी म्हणलं द्या इकडं, तेही वाचलं.

तू लिहिलंस की मानपत्रात माझ्या कामाचं काही नाही. खरं हाय. मी आरोग्य केंद्रात नर्स होते. आमच्या उपकेंद्राखाली एक गाव होतं, तिथं लेकराला लस द्यायला गेलं तर मला ओट्याच्या वर घेत नव्हते. पाणी मागितलं तर वरून ओतायचे. मी बाटली घरून न्यायला लागले. नंतर त्याच गावातली एक सून अडली, दवाखान्याची गाडी आली नाही, मी तिथंच त्याच घरात बाळंतपण केलं. त्यानंतर त्या गावात दुसरी नर्स पाठवली की बायका म्हणायच्या, कांबळे बाईच पाहिजेत. लुना मी पस्तिशीत शिकले. दोनदा पडले, गुडघा अजून दुखतो. त्या लुनावर मी सगळी खेडी फिरले. मानपत्र वाचायले तेव्हा मी वाट बघायले की आता लुना येईल. आली नाही. संसार आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही डोळे पुसले. कशाचे पुसले ते यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आता कामाचं. संमती देत नाही म्हणाले, तर त्यांच्या बाकीच्या मानपत्रांचं मला काही म्हणायचं नाही. पण माझं मानपत्र माझं हाय. चाळीस लोकांसमोर 'आपणांस सादर अर्पण' म्हणून माझ्या हातात दिलंय. दिलेली वस्तू ज्याला दिली त्याची. तेव्हा मी, वेणूबाई मारोती कांबळे, सेवानिवृत्त आरोग्य सेविका, माझ्या मानपत्रावर पायलला निबंध लिहायची संमती देते. खाली सही केली आहे. मॅडमला दाखव. चालत नसेल तर माझा नंबर दे, मी बोलते, या वेळी फोन लवकर ठेवणार नाही.

हे दारात उभं राहून विचारायलेत, काय लिहायलीस. मी म्हणलं, लिहून झालं की कळेल.

तुझी,
मोठी आई

—

घणसोली गाव,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय मोठी आई आणि मोठे बाबा,

जय भीम. एकाच पाकिटात दोघांना लिहितेय, नवा निबंधही आत आहे.

मॅडमना संमती चालली. बाकीची मानपत्रं काढून टाकली आणि एकाच मानपत्रावर नवा निबंध लिहिला. मोठी आई, तुझं पत्र मी त्यात वापरलं, तुला फोनवर विचारून. एका बाजूला मानपत्रातली ओळ, दुसऱ्या बाजूला तू सांगितलेलं. शेवटी आशा वगैरे लिहिली नाही, एवढंच लिहिलं की मानपत्र खोटं नाही, पण ते वेणूबाई कांबळे यांचं नाही, ते कोणाही बाईला चाललं असतं. मोठे बाबा, हे वाक्य लिहिताना मला वाईट वाटलं आणि तरी मी ते ठेवलं.

पास झाले. पार्थपेक्षा दोन मार्क जास्त. पप्पांनी कंपनीत जाऊन स्वतःच नाही सांगितलं. आईनं सगळ्या मजल्यावर पेढे वाटले आणि कोणी कशाबद्दल विचारलं तर 'निबंधाबद्दल' सांगितलं, तर ते लोक अजून आईकडे बघतायत.

प्रती मागेच पाठवल्या, मिळाल्या का ते कळवा. मोठे बाबा, तुमच्या पंच्याहत्तरीला मी येणार. कार्यक्रम असो नसो. तुम्ही बोलला नाहीत तरी.

तुमची,
पायल

—

वसमत,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. पायल हिस,

जय भीम. प्रती मिळाल्या. पत्र तपासलेले नाही.

तू पास झालीस हे ऐकून बरे वाटले. तुझ्या निबंधातील सर्व मते मला मान्य नाहीत, ती मी डिसेंबरात तोंडी सांगेन. वाचनालयाला कळवले की सत्कार नको.

एका अडचणीत आहे. मोठ्या आईला मी म्हणालो, तुझे मानपत्र मी नव्याने लिहून देतो. ती म्हणाली लिहा. चार दिवस झाले, कागद समोर घेऊन बसतो. 'वेणूबाई यांनी' एवढे लिहितो आणि पुढे काही सुचत नाही. हौसेराव साहेबांवर मी एका बैठकीत दोन पाने लिहिली होती. लुना तिने कोणत्या साली घेतली ते मला आठवत नाही. ती पडली तेव्हा मी कुठे होतो, तेही आठवत नाही. त्या गावाचे नाव मला ठाऊक नव्हते. तुझ्या नव्या निबंधातून कळले.

तिला विचारले तर म्हणते, नीट विचारा, मग सांगते. नुसते 'तुझ्या नोकरीबद्दल सांग' म्हटलेले तिला चालत नाही. ती म्हणते तो प्रश्न कोणत्याही बाईला चालेल.

तुझ्या मॅडम तुम्हाला प्रश्न विचारायला शिकवतात ना. माणसाला पहिला प्रश्न कोणता विचारायचा असतो, ते त्यांना विचारून कळव. लवकर कळव. ती रोज संध्याकाळी समोर येऊन बसते आणि मला काही विचारता येत नाही.

तुझे,
मोठे बाबा